सात गाठी

रामप्रसादच्या डोक्याची तारीफ अख्ख्या हडको वसाहतीत होती. कीर्तनात बुवांच्या तोंडून चरण बाहेर पडायच्या आत तो याच्या ओठांवर तयार असायचा. बुवा कुठं अडखळले, तर टाळकऱ्यांच्या रांगेतून हलकेच शब्द पुढं सरकवणारा हाच. वीस वर्षांपूर्वी ऐकलेला दृष्टांत तो बुवांच्या खोकल्यासकट सांगायचा, आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आवाज गोड. माणूस लोण्याचा आहे, हे त्याच्याशी भांडायला आलेलेही कबूल करून जायचे.

त्याच डोक्यावर त्याची संस्था चालायची. खेड्यापाड्यांतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय त्यांना शोधायचं, जीपमधून शहरातल्या दवाखान्यात आणायचं, ऑपरेशन झालं की दोन दिवस जपून घरी पोचतं करायचं. बारा वर्षं हेच काम. हडकोच्या एन-अकरा भागातल्या दोन खोल्या, एक जीप, ती चालवणारा बिभीषण, आणि गेल्या वर्षापासून सुकेशनी, एवढा पसारा. कुणाला कधी आणायचं, कुणाचा कोणता डोळा, कुणाचा लेक पुण्याला असतो आणि कुणाचं सुनेशी पटत नाही, सगळं रामप्रसादच्या डोक्यात. सकाळी तो यायचा, बिभीषणला म्हणायचा, आज अजिंठ्याकडं, की जीप सुटायची.

सुकेशनी सिल्लोडजवळच्या गावची. विहारात मुलांच्या शिकवण्या घेत घेत तिनं समाजकार्याची पदवी मिळवली होती. रुजू झाली त्याच महिन्यात तिनं एक मोठा पांढरा फळा आणून भिंतीला लावला आणि त्यावर नाव, गाव, वार, नेणार कोण, असे रकाने आखले. रामप्रसादनं फळ्याकडं पाहिलं आणि मायेनं हसला. "ताई, ही माणसं आहेत, रेशनची यादी नाही. माणूस भिंतीला टांगायचा नसतो, हृदयात ठेवायचा असतो."

बिभीषणनं मान डोलावली. त्याला असली वाक्यं आवडायची. सुकेशनीनं एवढंच विचारलं, "हृदयात किती मावतात, सर?"

त्यावरही तो हसला. पुढं त्या रिकाम्या फळ्यावर सप्ताहाची पत्रिका चिकटली. ती चिकटवणारा रामप्रसादच होता.

दिवाळीनंतर देवगाव रंगारीला तपासणीचं शिबिर झालं. वार बुधवार. त्यात बानाबाई आली. मेंढपाळाच्या घरची, सत्तरी गाठलेली, खांद्यावर घोंगडं. सोबत लेक कडूबा. त्यांचा वाडा, म्हणजे दीडशे मेंढरं, दोन घोडी आणि त्यांच्या पाठीवरचं बिऱ्हाड, गावाबाहेरच्या रानात उतरला होता आणि चार दिवसांनी सिल्लोडकडं हलणार होता. डॉक्टरांनी बानाबाईचा डावा डोळा पाहिला आणि रामप्रसादला बाजूला घेऊन सांगितलं, की मोतीबिंदू पिकून फुगलाय, आठ-दहा दिवसांत काढला नाही तर आत दाब चढेल आणि डोळा हातचा जाईल. उजव्यातही मोतीबिंदू होता, पण तो थांबण्यासारखा होता.

त्या दिवशी जीप आठ जणांनी भरली होती. ऑपरेशनचा पुढचा वार पुढचा बुधवारच. कडूबा म्हणाला, आम्ही बसनं आणतो, पत्ता लिवून द्या. ते रामप्रसादला बरं वाटलं नाही. एवढ्या म्हाताऱ्या बाईनं बसचे धक्के का खावेत? त्यानं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, पुढच्या बुधवारी सकाळी नवाला स्टँडजवळच्या लिंबाखाली बसा मावशी, गाडी दारात आल्यासारखी येईल.

"दादा, आमचं नाव तरी लिवून घेता का?" कडूबानं विचारलं.

रामप्रसादनं छातीवर हात ठेवला. "इथं लिहिलंय."

बानाबाईला ते फार भावलं. आजवर तिचं नाव कुणी एवढ्या मायेनं कुठं लिहिलं नव्हतं. तिनं कमरेच्या पिशवीतून काळ्या लोकरीचा दोरा काढला. अख्ख्या वाड्याचं पंचांग तीच होती. कोणती मेंढी कधी विणार, कोणत्या रानात किती मुक्काम, कोणता बाजार किती दिवसांवर, सगळं तिच्या दोऱ्यावर. दिवस मावळला की एक गाठ. सात गाठी झाल्या की उजाडेल तो बुधवार.

त्याच संध्याकाळी हडकोतल्या मंदिरात सप्ताह बसला. सप्ताहात वीणा जमिनीला टेकू द्यायची नसते. एकाच्या गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात पडायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, आणि जाणाऱ्यानं तेव्हाच सुटायचं. रात्रंदिवस असे पहारे. सकाळी आठ ते दहाचा पहारा रामप्रसादचा, वर्षानुवर्षं. तो कधी चुकला नाही.

शेवटच्या दिवशी, म्हणजे पुढच्या बुधवारी, तो आठच्या ठोक्याला वीणा घेऊन उभा राहिला. मंदिरात मोबाईल बंद ठेवायचा नेम होता, तो त्यानं पाळला. नऊच्या सुमाराला असा रंग भरला, की डोळे मिटलेल्या रामप्रसादच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. सात दिवस वीणा खाली टेकली नाही, या सुखानं त्याचा ऊर भरून आला होता. मग काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, त्यानं हात चाटून काला खाल्ला. तिकडं कार्यालयापुढं बिभीषण जीप धुऊन पुसून बसून होता. आज कुठं जायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि कडूबानं आणून सोडलेली बानाबाई आठ वाजल्यापासून लिंबाखाली होती.

ही पुढची हकीकत रामप्रसादला दोन आठवड्यांनी कळली, तीही तिच्याच तोंडून. कडूबा तिला बसनं दवाखान्यात घेऊन आला होता. डोकं फुटतंय म्हणून ती चार दिवस ओकत होती. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि हळूच सांगितलं, की डाव्याची नस सुकली, आता त्यात उजेड येणार नाही. उजवा अजून वाचवता येईल, तीन आठवड्यांनी आणा.

वॉर्डाच्या बाकावर बसून बानाबाई सांगत होती. बुधवारी ती दिवस मावळेपर्यंत बसली. वाटलं, आपलाच वार चुकला असंल, म्हणून गुरुवारी बसली. मग शुक्रवारी. चहावाल्यानं दोनदा चहा दिला. रात्री ती स्टँडमागं राहणाऱ्या भामाबाईच्या ओसरीवर पडली. वाडा पुढं गेला होता, आणि तिकडं सगळे समजत होते की म्हातारी दवाखान्यात आहे. शनिवारी ती विचारत विचारत, दोन बस बदलून वाड्यावर पोचली.

ऐकता ऐकता रामप्रसादला आठवलं. कानाशी कुणी टाळ आपटावा तसं आठवलं. लिंब, नऊ वाजता, छातीवरचा हात. तो बोलायला गेला, तोच बानाबाईनं हात जोडले.

"माझंच चुकलं दादा. तुमी गाडी धाडली असंल, म्याच वार इसरले. माळकरी माणसाचा शबूद खाली पडंल व्हय?"

कडूबा मान हलवत आईकडं बघत होता. सुकेशनी रामप्रसादकडं बघत होती. आणि रामप्रसादच्या गोड आवाजातून शब्द निघाले ते असे: "असू द्या मावशी. वयानं होतं असं."

म्हणून झालं. ते वाक्य परत घ्यायला त्याला एक श्वासभर सवड होती, ती त्यानं जाऊ दिली.

तीन आठवडे गेले. कीर्तनात तो बसायचा, पण चरण ओठांवर यायचे बंद झाले. बुवा म्हणायचे त्याच्यामागून तो म्हणायचा, तेही अर्ध्यावर सोडायचा. घरचे म्हणाले, तब्येत दाखवून घ्या. उजव्या डोळ्याची तारीख जवळ आली, तसा सुकेशनीनं कडूबाला फोन लावला. कडूबानं साफ नाही म्हटलं. तो म्हणाला, म्हातारीचं डोकं चालंना झालंय, वार कळंना, तिला कुठं सोडायची धास्ती वाटती. तिच्याकडची कोकरं आम्ही काढून घेतली, आता सून सारजा बघती. आणि तीच म्हणती, ज्याला दिस मोजता येईना त्याला डोळा कशाला.

हे सगळं सुकेशनीनं रामप्रसादला उभ्या उभ्या सांगितलं. मग पर्समधून एक काळा दोरा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. वॉर्डातून निघताना बानाबाईनं तो तिच्या हातात दिला होता, टाकून दे पोरी, ह्याचा उपेग नाय, म्हणून. तिनं टाकला नव्हता.

"मी कॅलेंडर घेऊन बसले होते, सर. शिबिराच्या दिवसापासून मोजलं." ती थांबली. "सात आहेत."

रामप्रसाद दोऱ्याकडं बघत राहिला. गाठी बारीक, सारख्या अंतरावर, एकीवर एक नाही, एक सुटलेली नाही. फक्त सातवी जरा घट्ट मारलेली होती. बाहेर बिभीषण कुणाशी तरी फोनवर हसत होता. सुकेशनी आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती पर्स लावून आपल्या खुर्चीकडं गेली.

दुपारी तो मंदिरात जाऊन बसला. अप्पाराव, सप्ताहाची सगळी व्यवस्था बघणारे, स्टुलावर चढून भिंतीवरची पहाऱ्यांची यादी उतरवत होते. तीस वर्षं एसटीत कंट्रोलर म्हणून काढलेला माणूस; सप्ताह उठून महिना झाला तरी यादी तेच उतरवणार. रामप्रसादनं ती हातात घेतली. आपलं नाव त्यानं दरवर्षी पाहिलं होतं, पण रकाना कधी पाहिला नव्हता. आठ ते दहा, रामप्रसाद. आणि त्याच ओळीत बारीक अक्षरात: मागं, अप्पाराव. प्रत्येक नावाच्या मागं असं एक नाव होतं.

"हे मागचं नाव कशाला, काका?"

"तू आला नाहीस तर? मी पायरीवर चपला घालून उभाच असतो."

"मी तर कधी चुकलो नाही."

अप्पाराव हसले. "आदल्या सांजेला तुला फोन कोण करतं रे?"

रामप्रसादला वाटायचं, काका प्रेमानं फोन करतात. त्यानं विचारलं, म्हणजे माझ्यावर तुमचा भरवसा नव्हता? अप्पारावांनी यादीची घडी घातली. "देवाच्या कामात माझा माझ्यावरच भरवसा नाय बाबा. म्हणून तर लिवून ठेवतो."

रामप्रसाद तिथंच खांबाला टेकला. वीणा सात दिवस जमिनीला लागली नाही ती त्याच्या भक्तीनं नव्हे. तिच्या खाली नावांची एक आणि त्यामागं दुसरी, अशा दोन रांगा हात पसरून उभ्या होत्या. बानाबाईच्या वाट्याला मात्र एकच नाव आलं होतं, आणि तेसुद्धा डोळे मिटून रडत होतं. स्वतःच्या त्या रडण्याची त्याला इतकी लाज वाटली, की समोरच्या मूर्तीकडं त्याला बघवेना. नमस्कार न करताच तो उठला. जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप सिल्लोडच्या रस्त्याला लागली. सुकेशनी पुढं बसली, रामप्रसाद मागं. काय बोलायचं याची त्यानं वाटभर जुळवाजुळव केली. आधी नमन, मग थोडी प्रस्तावना, मग हळूच मुद्दा, अगदी कीर्तनासारखी. मका काढलेल्या रानात वाडा बसला होता. कडूबा मेंढरं सोडायच्या घाईत होता. जाळीच्या वाघरीत कोकरं ओरडत होती आणि सून सारजाबाई त्यांच्यामागं दमली होती. बानाबाई घोड्याच्या खोगिराला टेकून नुसती बसली होती. हात मांडीवर, हातात काहीच नाही.

ते हात बघून त्याचं नमन गेलं, प्रस्तावना गेली.

"मावशी, तुमचा वार बरोबर होता. मी विसरलो. गाडी निघालीच नव्हती." आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. "अन् दवाखान्यात मला ते आठवलं होतं. तरी मी तुमच्यावर येऊ दिलं."

कडूबा काठी टेकून उभा राहिला. तो रामप्रसादच्या अंगावर येईल असं बिभीषणला वाटलं आणि तो जीपमधून उतरला. पण कडूबा आईकडं वळला होता. "आन् म्या तुला रोज येडी म्हणतोय," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून मेंढरांकडं बघत राहिला.

सुकेशनीनं दोरा बानाबाईच्या हातात दिला. तिनं अंगठ्यानं एकेक गाठ चाचपली, शेवटपर्यंत गेली, परत पहिलीवर आली.

"सातच हायेत," ती स्वतःशीच म्हणाली.

रामप्रसाद पाया पडायला वाकला. तिनं पाय आखडून घेतले.

"पाया पडून मोकळा होऊ नगंस. डोळा देवानं नेला म्हणलं असतं मी. पर तू मला येडी केलंस, दादा. रोज सांजेला मी म्हणायची, आज गाठ मारू का नगं, का कालच मारली?" तिनं दोरा मुठीत धरला आणि सुनेला हाक मारली. "सारजे, ती कोकरं इकडं आण. ती ठिपकेवाली आपल्या पिल्लाला पाजंना, कवाचं ओरडाया लागलंय."

ठिपकेवाल्या मेंढीचं पिल्लू मांडीवर घेऊन ती त्याचं तोंड चोळत बसली. निघायची वेळ झाली तेव्हा सुकेशनीनं भीत भीत उजव्या डोळ्याचं विचारलं. बानाबाईनं मान वर केली नाही.

"येईन बुधवारी. त्याच लिंबाखाली. पर ह्याच्या छातीवर नगं लिवू. भिताडावर लिव. अन् हा मेला तर कोण येणार, त्येबी लिव."

कडूबाला हसू आलं आणि ते त्यानं खोकल्यात घातलं. रामप्रसाद हसला नाही.

परत आल्यावर त्यानं स्वतः फळ्यावरची पत्रिका खरवडली. एक कोपरा निघालाच नाही, अजूनही तिथं देवाचे नुसते पाय दिसतात. मग तो खुर्चीवर बसला आणि डोक्यात होतं ते सगळं बोलू लागला. सुकेशनी लिहू लागली. दोन दिवस लागले. लिहिता लिहिता एकेक नाव वर येऊ लागलं, ज्याला तो येतो म्हणाला होता आणि गेला नव्हता. अजिंठ्याच्या वच्छलाबाई, पावसाळ्याच्या आधीच्या. गंगापूरकडचे एक आजोबा, ज्यांचं नाव आठवेना, फक्त त्यांच्या दारातली बोर आठवली. अकरा निघाले. देवगावची एकटी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी फळा भरला आणि उरलेली नावं सुकेशनीनं भिंतीवरच लिहिली. हृदयात किती मावतात, हे तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवसापासून सकाळी सातला तिघं फळ्यापुढं उभे राहतात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पुन्हा म्हणायचं, आणि म्हणणाऱ्यानं ते काम गळ्यात घेतलं असं धरायचं. बिभीषणनं त्याला पहारा हे नाव दिलं. आदल्या संध्याकाळी ज्याच्या घरी जायचं त्याला फोन करायचा, आणि नावामागं नाव असल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. चौथ्याच दिवशी रामप्रसादला उशीर झाला. धावत पोचला तर दोघांनी पहारा बदलून टाकला होता आणि जीप रस्त्याला लागली होती. रिकाम्या खोलीत तो फळ्यापुढं एकटाच उभा राहिला. आपल्यावाचून काम चाललं याचं त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाज वाटली. मग त्यानं एकट्यानंच सगळी नावं मोठ्यानं वाचली, भजनात म्हणतो त्या आवाजात नव्हे, साध्या.

सोमवारी त्यानं स्वतः कडूबाला फोन केला. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा केला. फळ्यावर होतं: बानाबाई, देवगाव स्टँड, बुधवार, नऊ. नेणार रामप्रसाद. मागं सुकेशनी. त्याच्याही मागं, वेगळ्या शाईत, बिभीषणनं आपलं नाव घातलं होतं.

बुधवारी साडेआठलाच रामप्रसाद आणि सुकेशनीला घेऊन जीप लिंबाखाली थांबली. कडूबानं सोडलेली बानाबाई तिथं आधीच बसली होती, घोंगडं पायांवर, तोंड रस्त्याकडं. समोरचा चहावाला तिला ओळखून होता. त्यानं जीपकडं पाहिलं, मग रामप्रसादच्या माळेकडं, आणि पातेलं घासायला घेतलं.

"कोण हाय?" बानाबाईनं विचारलं.

"गाडी आलीय, मावशी."

तिनं पिशवीतून दोरा काढला. "वार कोणता?"

"बुधवार."

तिचा अंगठा गाठींवरून सरकू लागला. रामप्रसाद हात बांधून उभा राहिला. वर्गात धडा पाठ नसलेला पोरगा उभा राहतो तसा. पहिली, दुसरी, तिसरी. मध्ये एक एसटी येऊन गेली, धुरळा बसला, तरी तिची मोजणी चालूच होती. मग ती थांबली.

"बराबर," ती म्हणाली, आणि उठण्यासाठी हात पुढं केला. तो हात सुकेशनीच्या बाजूला होता. रामप्रसादनं खाली पडलेलं घोंगडं उचललं, झटकलं, आणि दोघींच्या मागून चालू लागला.